धडा पाठ, तोंड बंद

प्रश्न : मराठी शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते. मुलं उत्तरं घोकतात, पण एक वाक्य बोला म्हटलं की माना खाली. माझाच हुरूप चाललाय. काय करू?
– एक शिक्षिका, शिवडी

उत्तर : ताई, आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. वर्षं वाढली, बोलणं वाढलं नाही. घरीदारी इंग्रजी कानावर नाही, त्यात वर्गात हसणारा एक निघाला की बाकीचे गप्प! म्हणून जोड्या लावा. सगळे एकदम बोलू लागले की हसायला कुणी मोकळा उरत नाही. गोंगाट होईल, मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा.

विषय दाराशीच आहेत : शिवडीच्या चिखलात उतरणारे रोहित पक्षी, २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू. गावाहून आलेल्या पाहुण्याला दाखवतोय असं समजून चार वाक्यं. अडलं तिथे मराठी शब्द चालेल. मध्येच चूक दुरुस्त करू नका; शेवटी दोनच चुका, नाव न घेता, फळ्यावर घ्या.

तुमच्या हुरुपासाठी एक उपाय : आत्ताच प्रत्येकाचा आवाज मोबाइलवर टिपून ठेवा, दिवाळीनंतर पुन्हा टिपा आणि दोन्ही त्यांनाच ऐकवा. काय फरक पडला, ते मला जरूर कळवा.