अर्थशास्त्राची पदवी आणि पैशाचा हिशेब



बारावीचा निकाल लागला की बँकेच्या काऊंटरवर पासबुक पुढे सरकवताना एक प्रश्न आम्हांला हमखास ऐकू येतो. "भाऊ, मुलाला अर्थशास्त्र घ्यायला सांगू का? बँकेत लागेल का?" रांग मोठी असते, त्यामुळे आम्ही 'हो' किंवा 'बघा' एवढेच म्हणतो. या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यावे, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हा अभ्यासलेख लिहीत आहोत.

आमची चूक

आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर. विषय अर्थशास्त्र. दहावीनंतर गणित सोडले, कारण घरातल्या व वस्तीतल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला होता की आर्ट्स सोपे, पदवी पदरात पाडा आणि बँकेची परीक्षा द्या. संख्याशास्त्राचा भाग आम्ही पर्यायी प्रश्नांवर टाळला. मागणीचा नियम, लोकसंख्येचा सिद्धांत, पंचवार्षिक योजना हे सर्व पाठ करून दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झालो व लिपिक म्हणून नोकरीस लागलो.

नोकरीच्या पहिल्या वर्षातली, सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वस्तीतल्या एक मावशी शिलाई मशीनसाठी एका खाजगी सावकारी पेढीकडून कर्ज घेणार होत्या. त्यांनी कागद आम्हांला दाखवला. 12,000 रुपये कर्ज, व्याज सरळ 12 टक्के, बारा हप्ते, प्रत्येकी 1,120 रुपये. "तू अर्थशास्त्र शिकलास ना बाळा? बँकेतही आहेस. बारा टक्के ठीक आहे ना?" आम्ही म्हणालो, "ठीक आहे मावशी, घ्या."

पुढे एकदा आमच्या शाखेतील एका अधिकाऱ्यांनी पैसे भरण्याच्या स्लिपच्या पाठीवर तोच हिशेब मांडून दाखवला, तेव्हा आमची मान खाली गेली. ते व्याज बारा टक्के नव्हतेच. हिशेब पुढे दिला आहे. आम्ही मावशींना खोटे सांगितले नाही, पण आम्हांला येत नव्हते आणि येत नाही हेही ठाऊक नव्हते. पदवी मात्र अर्थशास्त्राची होती.

अर्थशास्त्र आणि वित्त यांतील नाते

साधने मर्यादित, गरजा अनेक. मग निवड कशी होते व तिचा परिणाम कोणावर काय होतो, याचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र. वित्त हा त्यातला पैशाचा आणि काळाचा भाग. आजचा रुपया आणि दहा वर्षांनंतरचा रुपया सारखा नसतो. आज कोणी दुसऱ्याला पैसा देतो, तेव्हा तो वाट पाहण्याची व धोका पत्करण्याची किंमत मागतो. त्या किमतीला आपण व्याज किंवा परतावा म्हणतो.

वित्ताचेही दोन भाग लक्षात ठेवावेत. सरकार कर कसा गोळा करते, कर्ज कसे काढते, कोठे खर्च करते, हा सार्वजनिक आयव्यय. बँका, कंपन्या, रोखे, समभाग, विमा यांचा व्यवहार हा खाजगी वित्ताचा भाग. अनेक विद्यार्थी वित्त म्हणजे शेअर बाजार एवढेच समजतात, हे बरोबर नाही.

पदवीच्या वर्षांत काय शिकावयाचे?

विद्यापीठानुसार क्रम बदलतो, परंतु गाभा साधारण असा असतो.

1. सूक्ष्मलक्षी अर्थशास्त्र : मागणी, पुरवठा, लवचीकता, उत्पादनखर्च, बाजाराचे प्रकार.

2. समग्रलक्षी अर्थशास्त्र : राष्ट्रीय उत्पन्न, रोजगार, चलनवाढ, व्याजदर.

3. गणित व संख्याशास्त्र : सरासरी, विचलन, सहसंबंध, संभाव्यता, आलेख, कलन. पुढे अर्थमिती.

4. पैसा व बँकिंग : रिझर्व्ह बँकेचे कार्य, रोख राखीव प्रमाण, रेपो दर, पतनिर्मिती.

5. सार्वजनिक आयव्यय : अंदाजपत्रक, कर, तूट, केंद्र-राज्य संबंध.

6. वित्तीय अर्थशास्त्र : पैशाचे कालमूल्य, जोखीम व परतावा, रोख्यांची किंमत, भांडवल बाजार.

7. हिशेबशास्त्राची तोंडओळख : ताळेबंद व नफा-तोटा पत्रक वाचता येणे.

यांतील तिसरा विषय विद्यार्थी टाळतात आणि सहावा त्याच्याशिवाय समजत नाही. आमचे सांगणे एका वाक्यात हेच आहे.

चार उदाहरणे

(अ) सरळ व्याज आणि घटत्या शिलकेवरील व्याज : मावशींचे कर्ज पाहू. 12,000 रुपयांवर 12 टक्के म्हणजे 1,440 रुपये. एकूण 13,440, बारा हप्ते 1,120 रुपयांचे. वरवर चोख. परंतु मावशींकडे 12,000 रुपये वर्षभर कोठे होते? पहिल्याच महिन्यापासून मुद्दल परत जात होते. मुद्दलाचे दरमहा 1,000 रुपये फिटले असे धरा. शिल्लक कर्ज पहिल्या महिन्यात 12,000, मग 11,000, शेवटच्या महिन्यात 1,000. सरासरी 6,500. म्हणजे 6,500 रुपये वापरण्याचे भाडे 1,440 रुपये झाले. हा दर बावीस टक्क्यांच्या घरात जातो. काटेकोर पद्धतीने तो वार्षिक साडेएकवीस टक्क्यांच्या जवळपास येतो. घटत्या शिलकेवर खरेच 12 टक्के असते तर हप्ता सुमारे 1,066 रुपये बसला असता आणि व्याज 800 रुपयांच्या आतच राहिले असते.

आज परिस्थितीत एक सुधारणा झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या आदेशानुसार, 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका व वित्त कंपन्यांना वैयक्तिक व लघुउद्योगांच्या नव्या मुदत कर्जांसाठी मुख्य तथ्य विवरण द्यावे लागते आणि त्यात सर्व आकार धरून वार्षिक टक्केवारी दर लिहावा लागतो. सही करण्यापूर्वी तो आकडा पाहावा. मात्र तो आकडा कसा येतो, हे समजणारा एक तरी पदवीधर वस्तीत असला पाहिजे.

(आ) आमची ठेव, बँकेचे देणे : नोकरीस लागलो तेव्हा आम्ही समजत होतो की लोकांच्या ठेवी ही बँकेची मालमत्ता. ताळेबंद उघडला तर ठेवी देण्यांच्या बाजूस, आणि दिलेली कर्जे मालमत्तेच्या बाजूस! विचार केला की पटते. ठेव परत द्यावयाची असते. कर्ज वसूल व्हावयाचे असते. कर्जे बुडाली की मालमत्ता घटते, देणी मात्र तशीच राहतात. बँक अडचणीत येते ती अशी. म्हणूनच भारतात 1962 पासून ठेवींना विमासंरक्षण आहे. 4 फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेतील एका ठेवीदारामागे त्याची मर्यादा 1 लाखावरून 5 लाख रुपये करण्यात आली. पतसंस्थांतील ठेवींना हे संरक्षण नाही, हे आपल्या महिला बचत गटांनी ध्यानात ठेवावे.

(इ) पतनिर्मिती : पुस्तकात असे शिकवतात की 1,000 रुपयांची ठेव आली, 10 टक्के राखीव ठेवली, 900 रुपयांचे कर्ज दिले, ते पुन्हा ठेव म्हणून आले, आणि असे करत एकूण ठेवी 10,000 पर्यंत जातात. परीक्षेत हे लिहावेच. परंतु काऊंटरवर आम्ही काय पाहतो? कर्ज मंजूर झाले की रक्कम कर्जदाराच्या खात्यात जमा होते; त्या क्षणी नवी ठेव जन्मते. बँक ऑफ इंग्लंडने 2014 साली आपल्या त्रैमासिकात हीच बाब स्पष्ट केली की व्यवहारात कर्ज ठेव निर्माण करते. पुस्तक आणि काऊंटर यांतला हा फरक ज्याला दिसला, त्याने विषय नुसता पाठ केलेला नाही असे समजावे.

(ई) रोख्याची किंमत : वर्षाअखेर 107 रुपये देणारा एक रोखा आपण 100 रुपयांस घेतला. दुसऱ्याच दिवशी बाजारातील व्याज 8 टक्के झाले. आता आपला रोखा 100 रुपयांस कोण घेईल? 107 भागिले 1.08, म्हणजे 99 रुपये 7 पैसे. व्याजदर चढला की जुन्या रोख्याची किंमत उतरते. हा एक भागाकार समजला की रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाची बातमी वाचण्याची दृष्टी येते.

बाबासाहेबांचा विषय

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. परंतु त्यांच्या उच्च शिक्षणाचा मुख्य विषय अर्थशास्त्र, आणि त्यातही वित्त, हे आपले विद्यार्थी क्वचितच सांगू शकतात. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांचे पदवीचे विषय अर्थशास्त्र व राज्यशास्त्र होते. 1913 साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले, 1915 साली एम.ए. झाले. 1918 ते 1920 या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून 1921 साली एम.एस्सी. आणि 1923 साली डी.एस्सी. मिळवली.

त्यांचे दोन ग्रंथ वर सांगितलेल्या दोन भागांत नेमके बसतात. 'ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताची उत्क्रांती' हा 1925 साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ सार्वजनिक आयव्ययाचा. मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची विभागणी कशी होत गेली, याचा. 'रुपयाचा प्रश्न' हा 1923 सालचा ग्रंथ चलनाचा. रुपयाचे मोल उतरले तर निर्यातदाराचा लाभ होतो, पण भाव चढतात आणि मजुरी मागे राहते. म्हणजे तो लाभ कामगाराच्या खिशातून येतो, हे त्यांनी दाखवले. 1925 साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली.

आजचा विद्यार्थी घटनेच्या कलम 280 खालील वित्त आयोग अभ्यासतो. पंधराव्या आयोगाने 2021 ते 2026 या वर्षांसाठी केंद्राच्या विभाज्य करांतील 41 टक्के वाटा राज्यांना सुचवला. तो वाचताना हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी कोणी किती कष्टाने अभ्यासला होता, याची आठवण ठेवावी. केवळ जयंतीच्या भाषणातून ती वाट चालता येत नाही. कोष्टके वाचावी लागतात.

कोणती पदवी घ्यावी?

'का घडले' याची ओढ असेल तर बी.ए. किंवा बी.एस्सी. अर्थशास्त्र घ्यावे, सोबत गणित अथवा संख्याशास्त्र असावे. हिशेब, लेखापरीक्षण, कर यांत रस असेल तर बी.कॉम. घ्यावे. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत लेखा व वित्त, बँकिंग व विमा, वित्तीय बाजार असे वेगळे अभ्यासक्रमही आहेत; त्यांतील काहींची फी जास्त असते, ती आधी विचारावी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तीन वर्षांच्या पदवीला चौथे ऑनर्सचे वर्ष जोडण्याची सोय झाली आहे.

नोकरीबाबत स्पष्टच सांगतो. बँकेच्या लिपिक पदाला, ज्यास आता ग्राहक सेवा सहयोगी म्हणतात, कोणत्याही शाखेची पदवी चालते. केवळ त्यासाठी अर्थशास्त्र घेण्याची गरज नाही. भारतीय आर्थिक सेवा किंवा रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातील अधिकारी व्हावयाचे असेल तर पदव्युत्तर पदवी हवी, आणि तेथे गणित चुकत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला तर बारावीलाच गणित लागते. म्हणून अकरावीत गणित सोडताना दहा वेळा विचार करावा.

अभ्यासाची रीत

पहिली गोष्ट, दररोज एक गणित हाताने सोडवावे. नंतर तेच एक्सेलमध्ये करून पाहावे. दुसरी, मराठीतून शिकणाऱ्यांनी संज्ञांची वही ठेवावी, एका बाजूस मराठी शब्द व दुसऱ्या बाजूस इंग्रजी. पुढील ग्रंथ बहुतांशी इंग्रजीत आहेत. तिसरी, फेब्रुवारीत केंद्रीय अंदाजपत्रक व त्याआधी येणारी आर्थिक पाहणी यांतील निदान एक कोष्टक समजून घ्यावे. चौथी, घरचा व्यवहार तपासावा. आईचा बचत गट, वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, शेजाऱ्याची भिशी, हीच आपली प्रयोगशाळा.

मावशींनी ते कर्ज वेळेवर फेडले. मशीनही चालली. नंतर एकदा आम्ही त्यांना खरा हिशेब सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला नाही कळलं ते ठीक रे, पण तुला कळायला हवं होतं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तेव्हापासून आम्ही चाळिशी उलटेपर्यंत रविवारी शाळेची गणिताची पुस्तके पुन्हा सोडवली आणि बँकेच्या अंतर्गत परीक्षांचे पेपरही दिले. उशिरा का होईना, थोडेफार जमले. तुम्हांवर ही पाळी येऊ नये, वस्तीतल्या माणसाने पुढे केलेला कागद तुम्हांला वाचता यावा, एवढीच अपेक्षा.

अभ्यासासाठी प्रश्न

1. 24,000 रुपये कर्ज, सरळ व्याज 10 टक्के, चोवीस हप्ते. सरासरी शिल्लक कर्ज काढून खऱ्या दराचा अंदाज करा.

2. आपल्या घरातील एका पासबुकातील जमा रक्कम बँकेच्या ताळेबंदात कोणत्या बाजूस येईल? का?

3. रुपया घसरला तर आपल्या वस्तीतील कोणाचा फायदा व कोणाचा तोटा होईल? पाच ओळींत लिहा.