स्वमग्न मुलांचे पालक : ताण आणि जबाबदारीची वाटणी

ऑटिझम अर्थात स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था होय. १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या अभ्यासातून तिचे सविस्तर वर्णन केले. त्यानंतर बराच काळ आईच्या कोरड्या वागण्यावर या अवस्थेचे खापर फोडले गेले. स्वतः एका स्वमग्न मुलाचे पिता असलेल्या डॉ. बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली आपल्या ग्रंथातून हे मत खोडून काढले. शास्त्राने आईला दोषमुक्त केले. पुष्कळ घरांनी मात्र अजून केलेले नाही.

वाचोपचार, व्यवसायोपचार, शाळा, अपुरी झोप आणि नातलगांचे प्रश्न हे सारे बहुधा आईच्या वाट्याला येते. पैशाची विवंचना वडिलांच्या. वरवर ही वाटणी न्याय्य दिसते. परंतु तीत दोघेही एकाकी पडतात. शिवाय स्वमग्न मुलास ठरलेला क्रम मोडणे सोसत नाही. तो क्रम एकट्या आईलाच ठाऊक असेल, तर तिच्या दोन दिवसांच्या तापानेही मुलाची घडी विस्कटते. म्हणून जबाबदारीची वाटणी ही आईवरील मेहेरबानी नसून मुलाच्या उपचारांचाच भाग आहे.

सांगितल्यावर हातभार लावणे म्हणजे वाटणी नव्हे. रात्रीचे जेवण व झोपविणे यांसारखे एखादे काम वडिलांनी संपूर्णपणे आपल्याकडे घ्यावे. उपचारांना आळीपाळीने उपस्थित राहावे. कोणता आवाज मुलास असह्य होतो, कोणते चित्र दाखविले म्हणजे त्यास पाणी हवे असते, हे एका वहीत लिहून ठेवावे. म्हणजे आजी-आजोबांनाही ठरलेला तास निर्धास्तपणे सांभाळता येईल.

कागदपत्रांची माहितीही दोघांना असावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश असल्याने दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळते. १९९९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वार्षिक एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण आहे. अठराव्या वर्षानंतर कायदेशीर पालकत्वाची गरज भासल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो.

दात्यांच्या साहाय्याने उपचारांचे आठवड्यातील काही तास उभे राहतात. उरलेले सर्व तास घरचे असतात. ते एकाच माणसाच्या खाती पडू नयेत, एवढी दक्षता प्रत्येक कुटुंबाने घ्यावी.