स्थानिक जंतुसंसर्ग आणि प्रतिजैविक मलमांचा विवेक

गेल्या पावसाळ्यात सहा वर्षांच्या एका मुलास त्याची आई चिकित्सालयात घेऊन आली. नाकाखाली मधासारख्या पिवळसर खपल्या होत्या आणि दुकानातून आणलेले मलम तीन आठवडे सुरू होते. त्यात प्रतिजैविकासोबत तीव्र स्टेरॉइड व बुरशीनाशकही होते. लाली ओसरली होती, पण गालावर दोन नवे व्रण उमटले होते. दोष त्या आईचा नव्हे; ‘मलमच तर आहे, लावायला काय हरकत’ या आपणा सर्वांच्या समजुतीचा आहे.

योग्य स्थान : इम्पेटिगोचे मोजके व्रण, केसांच्या मुळाशी आलेल्या वरवरच्या पुळ्या, किंचित संसर्ग झालेले खरचटणे, एवढ्यापुरतीच ही मलमे उपयुक्त ठरतात. म्युपिरोसिन २ टक्के किंवा फ्युसिडिक आम्ल २ टक्के ही त्यांतील प्रचलित द्रव्ये होत. नागीण वा गजकर्ण यांवर त्यांचा उपयोग नाही. खरजेत पू झाला असल्यास मूळ खरजेचीही चिकित्सा करावी लागते. विद्रधीत आम व पक्व यांचा भेद सुश्रुताचार्यांनी सांगितलाच आहे. पक्व विद्रधीतील पू बाहेर काढल्यावाचून केवळ वरून मलम लावणे व्यर्थ होय.

विधी : कोमट पाण्याने खपल्या भिजवून अलगद काढाव्यात, जागा कोरडी करावी व पातळ थर दिवसातून दोन ते तीन वेळा लावावा. आधी व नंतर हात धुवावेत. सामान्यतः पाच ते सात दिवस पुरतात. तीन ते पाच दिवसांत सुधारणा न दिसल्यास निदानाचा पुनर्विचार करावा; मलम लांबवू नये. त्याच जागी त्याच वेळी लेप, तेल वा दुसरे मलम मिसळू नये. त्वचेचे मलम डोळ्यात घालू नये.

धोके : दीर्घ व वारंवार वापराने जंतू औषधास दाद देईनासे होतात. निओमायसिनने काहींना स्पर्शजन्य त्वक्‌शोथ होतो. तो संसर्ग वाढल्यासारखा भासतो आणि मलम अधिकच चोळले जाते. म्युपिरोसिनच्या काही मलमांचा आधार पॉलिएथिलीन ग्लायकॉल असतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यास मोठ्या उघड्या व्रणावर ती लावू नयेत.

तत्काळ पुढे पाठवावे : ताप, पसरती लाली, असह्य वेदना, डोळ्याभोवती सूज, मधुमेहींच्या पायावरील व्रण किंवा नवजात बालक असल्यास विलंब नको. स्ट्रेप्टोकोकसच्या त्वचासंसर्गानंतर काही आठवड्यांनी मूत्रपिंडशोथ संभवतो. म्हणून मुलाचा चेहरा सुजल्यास वा लघवी चहासारखी झाल्यास लगेच यावे, असे पालकांस सांगून ठेवावे.

औषधविक्रेत्यांस : २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमांचा समावेश अनुसूची ‘एच’मध्ये झाला, चिठ्ठीवाचून ती देता येत नाहीत. ‘फोडावर काहीतरी द्या’ या मागणीस संयुक्त मलम हे उत्तर नव्हे. रुग्णास चिकित्सकाकडे पाठविण्याने एक विक्री बुडेल, विश्वास मात्र टिकेल.

त्या मुलास ताप नव्हता व व्रण तीनच होते. जुने मलम बंद करून, खपल्या भिजवून काढून केवळ म्युपिरोसिन लावले. पाचव्या दिवशी व्रण कोरडे झाले. औषध देताना ते कधी थांबवायचे, हेही चिठ्ठीवर लिहावे, एवढीच व्यवसायबंधूंस विनंती.