चिरंजीवांचा स्कॉटलंडचा बेत

पुणे

चि. बंडूस,

थेट ‘तू असं कर’ म्हटलं की आमचे चिरंजीव मान डोलावतात आणि करायचं तेच करतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून हे पत्र तिऱ्हाइताच्या भाषेत. ज्याला लागू पडेल त्याने घ्यावे.

चिरंजीवांचा बेत असा: मेअखेरीस मुलांच्या सुट्टीत आठ दिवस स्कॉटलंड. त्यात एडिनबरो, ग्लासगो, लॉख नेस, स्काय बेट, आणि उरलेल्या फटींत गोल्फच्या चार फेऱ्या, पैकी एक कार्नुस्टीला. वर काकाला प्रश्न: तिकडच्या लांब गवतातून चेंडू बाहेर कसा काढायचा? प्रश्न चांगला आहे, बेत वाईट आहे. दोन्हींचे दुखणे एकच असल्यामुळे औषधही एकाच पुडीत बांधून पाठवत आहे.

आधी गवत. आपल्याकडच्या गोल्फ कोर्सवर बहुधा हरळीच असते, तीच जिच्या दुर्वा गणपतीला वाहतात. ती आडवी पसरते, चिवट असते, पण कापून बसकी ठेवलेली असते. शिवाय सोबत कॅडी असतो, पुढे आगेवाला उभा असतो. चेंडू कुठे पडला हे साहेबांच्या आधी त्याला कळलेले असते. स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या लिंक्स कोर्सवर वाळूची जमीन, तिच्यावर फेस्क्यू नावाचे बारीक पात्यांचे गवत. वरून पाहिले तर वाऱ्यावर डुलणारे विरळ तुरे दिसतात आणि माणूस फसतो. बुडाशी ते दाट असते. वाळूच्या टेकड्यांवर मॅरम, आणि कडेला गॉर्स, म्हणजे पिवळ्या फुलांचे काटेरी झुडूप. मेअखेर ते फुललेले असते. फोटो काढावा, हात घालू नये. एक दिलासा आहे: जुलैत ब्रिटिश ओपनच्या वेळी टीव्हीवर दिसणारे कमरेएवढे गवत मेमध्ये अजून तेवढे वाढलेले नसते.

गवत चेंडूचे करते काय? चेंडूला उलटी फिरकी मिळते ती क्लबच्या तोंडावरच्या खाचा आणि चेंडूचे आवरण यांच्या घर्षणातून. मधे पाते आणि त्यातला ओलावा आला की घर्षण घटते आणि फिरकी जाते. मग चेंडू अपेक्षेपेक्षा लांब उडतो आणि जमिनीवर टेकल्यावर पळत सुटतो. मध्यम गवतातला हा ‘फ्लायर’. दाट गवतात निराळेच घडते. काड्या क्लबच्या मानेला वेढा घालतात, टाच अडकते, टोक पुढे जाते, तोंड बंद होते आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे पंधरा-वीस यार्डांवर पुन्हा गवतातच जाऊन बसतो. दोष स्विंगला दिला जातो. खरे तर क्लबच चुकीचा निवडलेला असतो.

खाचांचे महत्त्व किती, हे खेळाच्या नियामक संस्थांना माहीत होते. आर अँड ए आणि यूएसजीए यांनी २०१० पासून अव्वल व्यावसायिकांच्या क्लबांवरील खाचांची धार आणि खोली-रुंदी यांवर मर्यादा घातल्या. धारदार खाचांमुळे ही मंडळी गवतातूनही फिरकी काढू लागली होती, आणि फेअरवेवर चेंडू ठेवण्याला काही किंमतच उरली नव्हती.

तरीसुद्धा रफ, म्हणजे फेअरवेबाहेरचे हे लांब गवत, जेवढे वाटते तेवढे महाग नाही. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी पीजीए टूरच्या लाखो फटक्यांचा हिशेब मांडला. शंभर यार्डांवरून फेअरवेतून होल पुरे करायला टूरच्या खेळाडूला सरासरी २.८० फटके लागतात, रफमधून ३.०२. म्हणजे गवताचा दंड पाव फटक्याहून कमी. आपल्यासारख्या हौशी माणसाला तो जास्त पडणार हे उघड आहे, पण एका फटक्यात तो सहज बसावा. दोन-तीन फटके जातात ते गवतामुळे जात नाहीत. ते पुढच्या निर्णयामुळे जातात.

याचा सगळ्यात मोठा दाखला नेमका कार्नुस्टीचाच आहे. १९९९ च्या ओपनमध्ये फ्रान्सचा जाँ व्हान द वेल्ड शेवटच्या होलवर आला तेव्हा तीन फटक्यांनी पुढे होता. पार चारचे होल. सहा फटके लागले असते तरी किताब त्याचाच. पहिला फटका उजवीकडे भरकटला, पण चेंडू बऱ्या जागी होता. दुसरा त्याने दोन नंबरच्या आयर्नने ग्रीनच्या दिशेने मारला. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडच्या कठड्यावर आपटला, बॅरी बर्न ओढ्याच्या दगडी भिंतीवरून उसळला आणि मागे येऊन गुडघाभर गवतात पडला. यात नशीब वाईट होतेच. पण जग त्या दुसऱ्या फटक्याला नावे ठेवते, आणि काकाच्या मते खरी चूक तिसऱ्यात होती. तिथून चेंडू आडवा काढून फेअरवेवर ठेवला असता तर तीन, मग वेजने ग्रीनवर चार, पटिंगचे दोन फटके, एकूण सहा. चषक घरी. त्याने गवतातून थेट ओढ्यापलीकडे मारायला घेतले, क्लब अडकला आणि चेंडू पाण्यात गेला. मग बूट-मोजे काढून, पँट वर गुंडाळून तो ओढ्यात उतरला. तो फोटो चिरंजीवांनीही पाहिला असेल. शेवटी शहाणपणाने दंड घेऊन त्याने ड्रॉप घेतला, पुढचा फटका बंकरमध्ये गेला, तिथून बाहेर, आणि पटिंगचा एक फटका. सात. प्लेऑफमध्ये अ‍ॅबर्डीनचा पॉल लॉरी जिंकला, जो त्या दिवशी सकाळी दहा फटक्यांनी मागे होता.

आता उलटे उदाहरण. २०१७ ची ओपन, रॉयल बर्कडेल. जॉर्डन स्पीथ तेराव्या टीवरून उजवीकडे इतका लांब गेला की चेंडू टेकडीच्या उतारावरच्या गवतात सापडला. जोर लावून पाहण्याचा मोह कुणालाही झाला असता. त्याने चेंडू ‘अनप्लेएबल’ जाहीर केला, एका फटक्याचा दंड घेतला आणि रेषेत मागे मागे जात थेट सरावाच्या मैदानावर ड्रॉप घेतला. यात वीसेक मिनिटे गेली, सोबत खेळणारा मॅट कूचर ताटकळत उभा राहिला. स्पीथने त्या होलवर बोगी केली, म्हणजे फक्त एक फटका गमावला, आणि तो एकाने मागे पडला. पुढच्या चार होलांत त्याने पारपेक्षा पाच फटके कमी घेतले आणि ओपन तीन फटक्यांनी जिंकली.

कोणी म्हणेल, ब्रायसन डी-शॅम्बोने २०२० ची यूएस ओपन विंग्ड फूटला गवतातूनच जिंकली. चार दिवसांत ५६ पैकी २३ फेअरवे सापडले आणि तरी सहा फटक्यांनी पहिला. खरे आहे. त्याने त्यासाठी अंगावर किती किलो स्नायू चढवले होते तेही पाहावे, मग स्वतःचे पोट पाहावे.

तर गवतात चेंडू सापडला की पहिला प्रश्न: चेंडू बसलाय की तरंगतोय? तरंगत असेल, म्हणजे पात्यांच्या गादीवर असेल, तर क्लब जमिनीवर टेकवू नये. गादी दबली की चेंडू खाली घसरतो, आणि टेकवल्यामुळे हलला तर दंड. अशा वेळी हायब्रिड चालतो, फक्त क्लब चेंडूच्या खालून जाऊ नये. अर्धा बुडाला असेल तर सात-आठ नंबरहून लांब क्लब घेऊच नये, आणि फ्लायर धरून एक क्लब कमी घ्यावा. लिंक्सची जमीन कडक असते, म्हणून चेंडू ग्रीनच्या अलीकडेच टाकून पळत जाऊ द्यावा. पूर्ण बुडाला असेल तर सँड वेज, दुसरा विचार नाही. चेंडू उभ्या पवित्र्यात किंचित मागे, वजन पुढच्या पायावर, तोंड थोडे उघडे कारण गवत ते बंद करणारच आहे, डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांची पकड घट्ट, क्लब उभा उचलायचा आणि उभाच खाली आणायचा. आणि रोख सगळ्यात जवळच्या फेअरवेकडे, मग तो ग्रीनच्या विरुद्ध दिशेला का असेना. पदरी पडले पवित्र झाले, एवढाच भाव चेहऱ्यावर.

आधी बाजूच्या तशाच गवतात एकदोन सराव-स्विंग घ्यावेत. हाताला अडथळ्याचा अंदाज येतो. मात्र चेंडूमागचे गवत पायाने दाबणे किंवा मोडणे नियमात बसत नाही. सुटी पाने-काड्या उचलता येतात, उगवलेले गवत नाही.

शोधायला तीन मिनिटे मिळतात. २०१९ च्या आधी पाच होती. शोधताना चुकून पाय लागून चेंडू हलला तर आता दंड नाही, परत ठेवायचा. चेंडूवर पेनने स्वतःची खूण करावी, कारण तिकडच्या गवतात चेंडू सापडतो खरा, पण तो दुसऱ्याचा. हरवण्याची शंका असेल तर टी सोडण्याआधीच ‘प्रोव्हिजनल’ असे स्पष्ट म्हणून दुसरा मारावा. खेळण्याजोगा नसेल तर एक फटका देऊन दोन क्लब-लांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप घ्यावा. नाहीतर स्पीथसारखे मागे जावे. गॉर्समध्ये तर विचारही करू नये, दंड भरावा. आणि फुल पँट घालावी. स्कॉटलंडमध्ये विषारी साप म्हणावा तर एक अ‍ॅडरच, आपल्या घोणशीपुढे तो गरीब. पण गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. संध्याकाळी स्वतःचे आणि मुलांचे पाय, गुडघ्यामागची बाजू तपासावी.

आता बेताचे. आठ दिवसांतले येण्या-जाण्याचे दोन धरू नयेत. मुंबईहून निघून वाटेत विमान बदलून, वेळेचा फरक डोक्यात घेऊन लेकरे पोचतात तेव्हा त्यांना फक्त झोपायचे असते. उरले सहा. पायी खेळायची एक फेरी चार तासांहून जास्त खाते, जाणे-येणे वेगळे. चार फेऱ्या म्हणजे चार दिवस सूनबाई दोन मुलांना घेऊन अनोळखी गावात, आणि चिरंजीव गवतात. स्काय तर एडिनबरोहून गाडीने पाच तासांवर, एका बाजूने. हा व्हान द वेल्डचा तिसरा फटका आहे.

मुक्काम एकच ठेवावा, एडिनबरोत, किंवा त्याहून बरे, नॉर्थ बेरिकला. एडिनबरोच्या वेव्हर्ली स्टेशनवरून आगगाडीने अर्ध्या तासाचे अंतर. गाव लहान, समुद्र दारात, आणि समोर बास रॉक हे खडकाळ बेट, जे गॅनेट पक्ष्यांनी पांढरे दिसते. ती जगातल्या मोठ्या गॅनेट वसाहतींपैकी एक आहे. बंदरावरच्या सीबर्ड सेंटरमध्ये मुलांचा अर्धा दिवस सहज जातो. शेजारच्या गलन गावात लहान मुलांसाठी सहा होलांचा कोर्स आहे. मोठ्यांना तिथे खेळायचे तर सोबत मूल लागते. जगात इतका न्याय्य नियम फार कमी ठिकाणी असेल. नॉर्थ बेरिकच्या वेस्ट लिंक्सवर तेराव्या ग्रीनच्या पुढ्यात दगडी भिंत आडवी आहे आणि पंधराव्या होलाची, ‘रेडान’ची, नक्कल जगभरच्या कोर्सनी केली आहे. कार्नुस्टीची हौस इथे फिटते. मेअखेर तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. दिवस कुटुंबाचा, संध्याकाळची एक फेरी चिरंजीवांची, आणि वाटलेच तर दुसरी. बस. क्लब इथून वाहून नेऊ नयेत, तिथे भाड्याने मिळतात. बूट मात्र आपलेच न्यावेत.

सेंट अँड्रूजला जायचे ते रविवारी. मोठ्या स्पर्धांचे अपवाद सोडले तर त्या दिवशी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि सगळा कोर्स लोकांना फिरायला मोकळा. स्विल्कन ओढ्यावरच्या दगडी पुलावर मुलांना उभे करून फोटो काढता येतो, पैसा लागत नाही. गावाला रेल्वे स्टेशन नाही. लूकर्सला उतरून बस घ्यावी. ओल्ड कोर्सच्या शेजारीच ‘हिमालयाज’ हे उंचसखल पटिंग ग्रीन आहे, बायकांच्या १८६७ साली स्थापन झालेल्या क्लबचे. थोड्या पैशांत तिथे कोणीही खेळू शकते. सूनबाई तिथे चिरंजीवांना हरवतील, असा काकाचा अंदाज आहे. पलीकडे वेस्ट सँड्सचा किनारा, ज्यावर ‘चॅरियट्स ऑफ फायर’मधली धावण्याची दृश्ये चित्रित झाली. मुलांनाही धावू द्यावे.

बंडू, इथून पुढे सरळ सांगतो. ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे फेब्रुवारी संपता संपता चौघांचेही अर्ज जायला हवेत. मुलांच्या पासपोर्टची मुदत त्याआधी बघ. आणि स्काय, लॉख नेस, ग्लासगो व कार्नुस्टी ही चार नावे कागदावरून आजच खोड, मग सूनबाईंना कागद दाखव.

तुझा,
काका