संगणकाची खिडकी आणि रुग्णाचा जमाखर्च



न्यासाचा ताळेबंद या अहवालात अन्यत्र दिलेला आहेच. माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसास मात्र एक खाते अस्वस्थ करते, ज्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. ते म्हणजे डॉक्टरांपर्यंत पोहोचण्यासाठी रुग्णाने केलेला खर्च.

आपल्या बाह्यरुग्ण विभागात मोबाइलवरून क्रमांक घेण्याची सोय सुरू झाली, तेव्हा आम्हा सर्वांस समाधान वाटले. रांग ओसरली, खिडकीवरील कारकुनाचे काम हलके झाले. पुढे ध्यानात आले, की पहाटेच्या एसटीने येऊन बाकावर बसलेल्या एका आजींचा क्रमांक दुपारनंतरच लागतो. सकाळचे क्रमांक इतरांनी घरबसल्या घेतलेले असत. आजींच्या घरातील एकमेव मोबाइल कामावर गेलेल्या मुलाच्या खिशात. परतीची गाडी चुकेल या भीतीने एकदा त्या तपासणीविनाच निघून गेल्या. आम्ही वेळ वाचला असे मानत होतो. वस्तुतः तो वाचला नव्हता, आजींच्या नावे खर्ची पडला होता.

हा अनुभव केवळ आपलाच नाही. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटासाठी कोविड लसीकरण खुले झाले, तेव्हा ‘कोविन’वर आगाऊ नोंदणी आवश्यक होती. मराठीसह अन्य भारतीय भाषा त्यावर जूनमध्ये आल्या. २४ मे रोजी शासकीय केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीस मुभा मिळाली. केवळ अशा नोंदणीवर विसंबल्यास दुर्बल घटक लसीपासून वंचित राहतील, ही चिंता सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मेच्या आदेशात व्यक्त केली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्वतः वापरता येईल असा मोबाइल सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे होता आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया सुमारे ३३ टक्के होत्या. आमच्या बाकावरील आजी तर या वयोगटातही मोडत नाहीत.

मग तंत्रज्ञान नाकारावे काय? मुळीच नाही. शासनाच्या ‘ई-संजीवनी’ सेवेत दोन मार्ग आहेत. एकात रुग्ण घरून आपल्या मोबाइलवर डॉक्टरांशी बोलतो. दुसऱ्यात गावच्या आरोग्य केंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णास समोर बसवून दूरच्या डॉक्टरांशी त्याची गाठ घालून देतात. या दुसऱ्या मार्गात रुग्णाकडे ना मोबाइल लागतो, ना अक्षरओळख. यंत्र तेच, मध्ये एक जाणता माणूस बसला, की त्याचा लाभ सर्वांपर्यंत जातो.

यावरून आम्ही तीन गोष्टी शिकलो. पहिली, प्रत्येक सत्रातील काही क्रमांक प्रत्यक्ष येणाऱ्यांसाठी राखून ठेवावेत आणि दूरगावच्या रुग्णास त्यांत अग्रक्रम द्यावा. दुसरी, कागदी केसपेपर बंद करू नये. ‘आभा’ क्रमांक घेणे ऐच्छिक आहे, तो नाही म्हणून कोणासही परत पाठवू नये. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, खिडकीजवळ नोंदणीस साहाय्य करणारी व्यक्ती कायम असावी.

देणगीदारांस येथे एक नम्र विनंती. संगणकासाठी देणगी सहज मिळते. यंत्रावर दात्याच्या नावाची पाटीही लावता येते. साहाय्यकाचे वेतन मात्र दरमहा द्यावे लागते आणि त्याच्या खुर्चीवर पाटी लागत नाही. तरीही यंत्राची किंमत सार्थकी लागते ती त्या खुर्चीमुळेच. ज्यांना धन देणे शक्य नाही, त्यांनी आठवड्यातील दोन तास खिडकीजवळ बसण्यास द्यावेत. रुग्णांच्या नातेवाइकांनीही आपल्या मोबाइलवर शेजाऱ्याचा एखादा क्रमांक घेऊन द्यावा.

आजींना परतीची गाडी वेळेत मिळाली, तर त्या दिवशीचा आपला हिशेब खऱ्या अर्थाने जुळला असे मी मानीन.

— रुग्णालय व्यवस्थापक