मध्यंतरानंतर : बसावे की उठावे?

(द्वितीय वर्ष, कला)

न आवडलेला सिनेमा अर्ध्यावर सोडून उठावे की शेवटपर्यंत बसावे, हा काय लेखाचा विषय झाला, असे कोणी विचारील. विषय लहान आहे हे मला मान्य आहे. परंतु मोठे प्रश्न कित्येकदा लहान प्रसंगांत अधिक स्पष्ट दिसतात. चित्रपटगृहाच्या अंधारात जांभया देत बसलेला माणूस आणि कोरड्या बोअरमध्ये आणखी पन्नास फूट उतरायला निघालेला शेतकरी, हे दोघे एकाच पेचात सापडलेले असतात. तो पेच कोणता, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

सिनेमा कंटाळवाणा आहे हे पहिल्या तासातच कळते. तरीही आपण उठत नाही. का उठत नाही असे शेजारच्या मित्राला विचारले तर उत्तर ठरलेले असते : "तिकिटाचे पैसे दिलेत ना!" आपल्याकडे 'पैसा वसूल' हा शब्दच त्यासाठी आहे. पण थोडा विचार केला तर या उत्तरातील गोम लक्षात येते. तिकिटाचे पैसे खिडकीवरच गेले. आपण शेवटपर्यंत बसलो तरी ते परत मिळत नाहीत आणि उठलो तरी आणखी जात नाहीत. म्हणजे बसण्याउठण्याच्या निर्णयाशी त्या पैशांचा संबंधच उरलेला नाही. अर्थशास्त्रात अशा खर्चाला 'बुडीत खर्च' म्हणतात. जे अजून हातात आहे ते म्हणजे पुढचा दीड तास. बसून राहणारा माणूस पैसे तर वसूल करत नाहीच, उलट त्यांच्या जोडीला वेळही देऊन बसतो.

हे साधे गणित शहाणीसुरती माणसेही का चुकतात, याचा अभ्यास झाला आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० च्या एका निबंधात या प्रवृत्तीची चर्चा केली. पुढे २०१७ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८५ मध्ये आर्क्स आणि ब्लूमर या दोन संशोधकांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग तर आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटे घ्यायला आलेल्या लोकांपैकी काहींना ती पूर्ण किमतीला, म्हणजे १५ डॉलरला दिली. काहींना अचानक सवलत देऊन १३ डॉलरला, तर काहींना ८ डॉलरला दिली. कोणाला कोणते तिकीट हे निव्वळ योगायोगाने ठरले. नाटके तीच, नाट्यगृह तेच. तरीही हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेले लोक सरासरी चार नाटकांना आले आणि सवलतवाले सव्वातीनच्या आसपास. उत्तरार्धात मात्र हा फरक ठळक राहिला नाही. यावरून दिसते की नाटकाची ओढ सर्वांना सारखी असूनही खर्चाचा सल माणसाला खुर्चीकडे ओढतो आणि काळ गेला की तो सल बोथट होतो.

याचा पुरावा आपल्या रोजच्या वागण्यातही आहे. जो सिनेमा तिकीट काढून तीन तास सहन करू, तोच मोबाईलवर फुकट मिळाला तर दहाव्या मिनिटाला बंद करतो.

येथे एक आक्षेप मनात येतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. उठून जाणे ही पैसेवाल्यांची चैन आहे, असे आमच्या घरी कोणीही म्हणेल. आमच्याकडे ताटात अन्न टाकलेले चालत नाही. आई म्हणते, "घेतलंस ना, मग संपव." मजुरीच्या पैशांतून तिकीट काढणाऱ्याला अर्ध्यावर उठताना जिवावर येणारच. पण भाकरी आणि सिनेमा यांत फरक आहे. उरलेली भाकरी झाकून ठेवता येते, गुरांना घालता येते. उरलेला खेळ कोणाच्याही उपयोगी पडत नाही. गरिबाला पैसे बुडाल्याचे दुःख जास्त होते हे खरे, पण त्या दुःखाने पैसे परत येत नाहीत. आणि वेळ तर गरिबाजवळही मोजकाच असतो.

मग सरसकट उठूनच जावे काय? तसेही नाही. पहिले कारण म्हणजे वाचलेल्या वेळाचे आपण काय करणार? माझ्यासारख्याची गावाकडची एस.टी. साडेसहाला असेल, तर पाच वाजता चित्रपटगृहातून उठून स्टँडच्या बाकावर बसण्यात काही लाभ नाही. दुसरे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा होते, सिनेमाची नेहमी होतेच असे नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या मराठी चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याची गती संथ आहे. शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळ्याची सुटी लागते, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. सिनेमा संपला असे वाटते, पण तो तेथे संपत नाही. पुढे सुटीवर गेलेले न्यायाधीश दिसतात आणि आधीच्या सगळ्या कामकाजाकडे आपण नव्याने पाहू लागतो. काळोख होताच जो उठला त्याचा हा भाग हुकला. राज कपूर यांचा 'मेरा नाम जोकर' (१९७०) सुमारे चार तासांचा आणि दोन मध्यंतरांचा. प्रदर्शित झाला तेव्हा तो पडला, पण पुढे त्याला मान मिळाला.

म्हणून मला वाटते की प्रश्न बदलून विचारला पाहिजे. 'मी किती पैसे दिले?' असे न विचारता 'आता जर मी दाराबाहेर उभा असतो आणि उरलेला खेळ फुकट असता, तर आत गेलो असतो का?' असे विचारावे. उत्तर 'हो' असेल तर खुशाल बसावे, मग सिनेमा कितीही संथ असो. 'नाही' असेल तर उठावे. आपल्याकडच्या मध्यंतराचा एक फायदा असा की तेव्हा दिवे लागलेले असतात, कोणाच्या पायांवरून जावे लागत नाही आणि हा प्रश्न स्वतःला विचारायला दहा मिनिटे मिळतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९६२ मध्ये करार करून 'कॉन्कॉर्ड' हे ध्वनीहून वेगवान प्रवासी विमान बांधायला घेतले. खर्च अंदाजाच्या कितीतरी पट वाढला, तरी काम थांबले नाही. १९७६ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली. कंपन्यांच्या सेवेत जेमतेम १४ विमाने आली आणि २००३ मध्ये ती बंद झाली. 'इतका खर्च झालाच आहे, आता मागे कसे फिरायचे?' या विचाराला तेव्हापासून कॉन्कॉर्डचेच नाव चिकटले आहे. आमच्या भागात हेच वाक्य बोअरच्या गाडीशेजारी ऐकू येते. तीनशे फुटांपर्यंत नुसती धूळ निघाली की शहाणपणाचा प्रश्न असतो : खालच्या खडकात पाणी असण्याची आशा किती? पण तोंडातून निघते ते असे : "एवढं खोदलंय, आता अजून पन्नास फूट." बुडत्याचा पाय खोलात जातो तो असा.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या आपल्या मोठ्या भावाबहिणींच्या बाबतीत हा प्रश्न फार नाजूक आहे. "चार वर्षे घातली, आता कसे सोडू?" असे ऐकले की उत्तर सुचत नाही. गेलेली चार वर्षे हे पाचवे वर्ष देण्याचे कारण होऊ शकत नाही. मात्र त्या चार वर्षांत झालेला अभ्यास आणि दर परीक्षेत वाढत गेलेले गुण हे कारण होऊ शकते, कारण ते पुढच्या यशाबद्दल काही सांगतात. चिकाटी आणि हट्ट यांतला फरक मला येथे दिसतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. चिकाटीची नजर पुढे काय मिळणार यावर असते, हट्टाची मागे काय गेले यावर.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्या शिक्षणावर वडिलांनी किती घातले याचा हिशेब ते सांगत नाहीत, पण मला तो ठाऊक आहे. तेवढे पैसे गेले म्हणून मी पदवी पुरी करायची, असे मात्र मी स्वतःला सांगत नाही. इथून पुढे जे वाचायचे, शिकायचे आहे, त्यासाठी मला आत बसायचे आहे. दाराबाहेर उभा असतो तरी मी आत आलो असतो.