भिंतीतला नळ बदलता आला पाहिजे

जुन्नर, घोडेगाव, मंचर या गावांच्या जुन्या पेठांत खाली दुकान आणि वर राहते घर ही रचना नवी नाही. जुन्या भिंती दगड-विटांच्या आणि मातीच्या. पुष्कळ ठिकाणी आपली आणि शेजाऱ्याची भिंत एकच. अशा घरात नळ दिसू नयेत म्हणून भिंतीला खाच पाडून प्लास्टिकचा पाईप बसवतात, वरून गिलावा करतात आणि टाइल्स लावतात. दिसायला काम छान. पण पाईप कायमचा गाडला गेला.

आमचा धंदा कापडाचा. काही वर्षांपूर्वी वरच्या न्हाणीघराचा एक सांधा भिंतीत गळू लागला. ओल आम्हाला प्रथम दिसली ती गोदामातल्या तळाच्या गाठींवर. बिघडला होता एक सांधा, पण तो शोधण्यासाठी अर्धी भिंत फोडली. टाइल्स, मजुरी आणि डागाळलेला माल मिळून खर्च कितीतरी पटींनी झाला. त्यातून आम्ही जे शिकलो ते व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे ठेवत आहोत.

पाईपात पाईप

उपाय सोपा आहे. पाण्याचा पाईप थेट भिंतीत न गाडता आधी एक मोठा रिकामा पाईप, म्हणजे कंड्युट बसवावा आणि त्यातून पाण्याचा पाईप ओवावा. उद्या पाईप खराब झाला तर जुना ओढून काढता येतो व नवा घालता येतो. भिंतीला हात लागत नाही.

ही कल्पना आपल्या मुलखाला परकी नाही. ज्या निजामशाहीची सुरुवात जुन्नरहून झाली, तिचा वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) याने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरी बांधली. जमिनीखालच्या त्या नहरीवर जागोजाग मॅनहोल ठेवले होते, कारण आत उतरून साफसफाई करता आली पाहिजे. पाणी जमिनीखाली गेले तरी माणसाला तिथवर पोचण्याची वाट राहिली.

कोणता पाईप घ्यावा?

साधा यूपीव्हीसी पाईप थंड पाण्यापुरताच वापरावा. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी किंवा मध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेला कॉम्पोझिट पाईप घ्यावा. पाईपवर आयएसआय खूण पाहावी. यूपीव्हीसीसाठी आयएस ४९८५ आणि सीपीव्हीसीसाठी आयएस १५७७८ हा क्रमांक असतो. विजेच्या वायरिंगचा पाईप स्वस्त पडतो म्हणून त्यातून पिण्याचे पाणी कधीही नेऊ नये. तो बाहेरचे कवच म्हणून चालेल.

सीपीव्हीसी ताठ असतो. त्यामुळे तो सरळ कंड्युटमधूनच जातो, वळणावर जात नाही. कॉम्पोझिट पाईप गुंडाळीत मिळतो व हलक्या वळणातून ओढता येतो.

काम करताना

१. अर्धा इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास सुमारे १६ मिलिमीटर असतो. त्याला ३२ मिलिमीटरचा कंड्युट घ्यावा. घट्ट बसणारा कंड्युट घेतला तर पाईप पुन्हा निघत नाही.

२. कंड्युटच्या आत एकही सांधा ठेवू नये. एल्बो, टी, कॉक हे सर्व झाकण असलेल्या पेटीत किंवा उघड्या डक्टमध्ये यावेत.

३. वळण काटकोनी नको, गोलाकार हवे. १६ मिलिमीटरच्या कॉम्पोझिट पाईपला सुमारे १३ सेंटिमीटर त्रिज्येचे वळण द्यावे.

४. कंड्युटला थोडा उतार द्यावा आणि त्याचे खालचे तोंड उघडे, दिसेल अशा जागी ठेवावे. गळती झाली तर पाणी तिथे टपकेल व त्याच दिवशी कळेल. हे तोंड सिमेंटने बुजवले तर सारी मेहनत वाया गेली.

५. गरम पाण्याने पाईप लांबतो. दहा फुटी सीपीव्हीसी पाईप ४० अंशांच्या फरकाने सुमारे ८ मिलिमीटर वाढतो. तेवढी सैल जागा ठेवावी.

६. विजेची तार आणि पाण्याचा पाईप एका कंड्युटमध्ये कदापि घालू नयेत.

७. सोल्युशनचे सांधे एक दिवस वाळू द्यावेत. मग गिलाव्याआधी हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन तासभर काटा पाहावा. काटा उतरला तर सांधा शोधावा. भिंत बंद करण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढून घरमालकाकडे द्यावेत.

कारागीर बंधूंसाठी

या कामात कंड्युटचा खर्च वाढतो आणि मजुरीही जास्त लागते. तो खर्च अंदाजपत्रकात वेगळा लिहून द्यावा आणि गिऱ्हाइकाला कारण समजावून सांगावे. समजल्यावर पुष्कळ लोक पैसे देतात. स्वस्तात करून देतो म्हणून सांधा भिंतीत दडवणे आणि फाटका ताका घडीत लपवून विकणे यात आम्हाला फरक दिसत नाही. मालातला ऐब गिऱ्हाइकाला दाखवूनच सौदा करावा, ही आपल्या दीनची शिकवण आहे. ती दुकानाइतकीच भिंतीतल्या कामालाही लागू आहे.

घरमालकावरही जबाबदारी आहेच. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही इस्राफ नको, असे आपल्याला शिकवले आहे. मग रात्रंदिवस भिंतीत मुरणाऱ्या पाण्याचे काय? शिवाय ती ओल शेजाऱ्याच्या घरात उतरली तर त्याच्या हक्काचा सवाल उभा राहतो. चार पैसे आधी खर्च केलेले बरे. नवे न्हाणीघर बांधताना प्रत्येकाने मिस्त्रीला एकच प्रश्न विचारावा: हा पाईप उद्या बाहेर कसा काढणार? उत्तर समाधानकारक मिळाले तरच भिंत बंद करू द्यावी.